सल्ला सदर: एमआरआयमधला आकार, आईचा आजार आणि मुलीचे लग्न

वाचकाचे पत्र (संक्षिप्त): माझे वय ५१ असून मी माध्यमिक शाळेत शिक्षिका आहे. माझ्या आईला ७३ व्या वर्षी अल्झायमरचे निदान झाले. मला अर्धशिशीचा त्रास असल्याने अलीकडे मेंदूचा एमआरआय करण्यात आला. त्याच्या अहवालात ‘दोन्ही हिप्पोकॅम्पसचे आकारमान वयाच्या मानाने किंचित कमी, डावा भाग उजव्यापेक्षा लहान’ असे एक वाक्य आहे. डॉक्टरांनी त्यावर काही भाष्य केले नाही. परंतु परदेशातल्या माझ्या दिरांनी मेंदूच्या भागांचा आकार जनुकांवर ठरतो असे वाचून कळवले आणि माझी व माझ्या २५ वर्षांच्या मुलीची जनुकीय चाचणी करून घ्यावी, असे सुचवले. मुलीसाठी आम्ही स्थळे पाहत आहोत. हे आईकडून माझ्याकडे आणि माझ्याकडून तिच्याकडे गेले असेल का? चाचणी करावी का? मुलाकडच्या मंडळींना हे सांगणे आमचे कर्तव्य आहे का? हल्ली वर्गातल्या मुलांची नावे मला पटकन आठवत नाहीत, त्यामुळे झोप उडाली आहे. – एक शिक्षिका, कराड

उत्तर:

सप्रेम नमस्कार. आपल्या पत्रात तीन वेगवेगळ्या गोष्टी एकमेकींत गुंतल्या आहेत: आपल्या मेंदूतील एका भागाचा आकार, आपल्या आईचा आजार आणि आपल्या मुलीचे भवितव्य. या तिन्हींच्या मागे एकच ‘घराण्यातला दोष’ आहे असे आपण गृहीत धरले आहे आणि आपली झोप उडण्याचे खरे कारण ते गृहीतक आहे, असे मला वाटते. आपल्या दिरांनी वाचलेले खोटे नाही, परंतु त्यावरून त्यांनी काढलेला निष्कर्ष मात्र टिकत नाही. का टिकत नाही, ते सविस्तर सांगतो.

हिप्पोकॅम्पस हा मेंदूच्या दोन्ही बाजूंना, साधारण कानांच्या पातळीवर आत खोल असलेला, चार ते साडेचार सेंटिमीटर लांबीचा वळणदार भाग आहे. नव्या घटना स्मरणात साठवण्यात आणि वाटा व जागा ओळखण्यात त्याचा मोठा वाटा असतो. प्रौढ व्यक्तीत एका बाजूच्या हिप्पोकॅम्पसचे घनफळ सर्वसाधारणपणे साडेतीन ते चार घनसेंटिमीटर भरते, परंतु निरोगी माणसांमध्येही त्यात बराच फरक आढळतो. हा फरक कशामुळे पडतो याचा शोध आधी जुळ्या भावंडांवरून घेतला गेला. एकबीज जुळ्यांची जनुके जवळजवळ तंतोतंत सारखी असतात आणि भिन्नबीज जुळ्यांची सरासरीने निम्मी. पहिल्या प्रकारच्या जोड्यांचे मेंदू दुसऱ्या प्रकारच्या जोड्यांपेक्षा एकमेकांशी अधिक मिळतेजुळते निघाले, तर त्या जादा साम्याचे श्रेय जनुकांना द्यावे लागते. अशा अभ्यासांत हिप्पोकॅम्पसच्या आकारातील फरकांपैकी साधारण ४० ते ७० टक्के फरक जनुकीय कारणांनी पडतो असे दिसले, आणि संपूर्ण मेंदूच्या घनफळाच्या बाबतीत हा आकडा ८० ते ९० टक्क्यांपर्यंत गेला.

हा टक्का वाचताना बहुतेकांचा गैरसमज होतो. ६० टक्के आनुवंशिकता याचा अर्थ आपल्या हिप्पोकॅम्पसचा ६० टक्के भाग आईवडिलांनी दिला आणि उरलेला आपण कमावला, असा होत नाही. हा आकडा एका व्यक्तीबद्दल काहीच सांगत नाही. विशिष्ट परिस्थितीत राहणाऱ्या पुष्कळ लोकांमध्ये जो फरक आढळतो, त्यातला किती भाग त्यांच्या जनुकांमधील फरकाशी जुळतो, एवढेच तो सांगतो. पोषण, शिक्षण वा रोगराई यांची परिस्थिती बदलली की तो आकडाही बदलतो.

जुळ्यांवरून जनुकांचा प्रभाव कळला, तरी ती जनुके कोणती हे कळत नव्हते. त्यासाठी हजारो लोकांचे एमआरआय आणि त्यांची जनुकीय माहिती एकत्र आणावी लागली. अमेरिकेतील पॉल थॉम्पसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उभारलेल्या ‘एनिग्मा’ या आंतरराष्ट्रीय गटाने हे काम केले. २०१२ मध्ये त्यांनी २१ हजारांहून अधिक व्यक्तींची माहिती तपासून हिप्पोकॅम्पसच्या आकाराशी निगडित असा एक जनुकीय फरक बाराव्या गुणसूत्रावर दाखवून दिला. त्याच गुणसूत्रावर दुसऱ्या एका ठिकाणी, एचएमजीए२ या जनुकात, कवटीच्या आतील एकूण जागेशी संबंधित फरक सापडला. या जनुकाचा माणसाच्या उंचीशीही संबंध असल्याचे त्याआधीच माहीत झालेले होते. २०१५ मध्ये सुमारे ३१ हजार लोकांच्या अभ्यासातून अशी आठ ठिकाणे निश्चित झाली. त्यांतले सर्वांत ठळक ठिकाण चौदाव्या गुणसूत्रावर केटीएन१ या जनुकाजवळ असून हालचालींच्या नियमनात भाग घेणाऱ्या पुटामेन या भागाच्या आकारावर त्याचा परिणाम होतो. २०२४ पर्यंत अभ्यासात सहभागी व्यक्तींची संख्या ७५ हजारांच्या घरात गेली आणि अशा जनुकीय ठिकाणांची संख्या अडीचशेच्या वर पोहोचली.

आता यातला प्रत्येक फरक किती मोठा आहे ते पाहावे, कारण आपल्या प्रश्नाचे अर्धे उत्तर तिथे आहे. २०१२ मध्ये सापडलेल्या हिप्पोकॅम्पसच्या त्या फरकाची एक प्रत अंगी असली, तर त्या भागाच्या घनफळात सरासरी ४७.६ घनमिलिमीटर, म्हणजे सुमारे १.२ टक्के फरक पडतो. पुटामेनवरचा केटीएन१ जवळचा फरक सर्वांत ठळक म्हणून गाजला, परंतु लोकांलोकांतील पुटामेनच्या आकारात जी तफावत दिसते, तिच्यापैकी जेमतेम अर्धा टक्का त्याने उलगडते. म्हणजे ‘हिप्पोकॅम्पस लहान करणारे जनुक’ अशी एखादी वस्तू नाही. बारीक बारीक परिणाम करणारे असंख्य जनुकीय फरक आहेत, त्यांतले काही आकार किंचित वाढवतात, काही किंचित कमी करतात, आणि प्रत्येक माणसात त्यांची वेगळीच सरमिसळ झालेली असते. प्रत्येक पिढीत ही सरमिसळ नव्याने होते. आपल्या आईकडून आपल्याला तिच्या जनुकीय फरकांपैकी निम्मेच आले, आपल्याकडून आपल्या मुलीला आपल्यातले निम्मेच गेले, आणि उरलेले निम्मे तिला तिच्या वडिलांकडून मिळाले. कोणता अर्धा भाग जाईल हे ठरलेले नसते. त्यामुळे मेंदूतील एखाद्या भागाचा आकार आजीकडून नातीकडे जसाच्या तसा चालत येतो, ही कल्पना मनातून काढून टाकावी.

एका जनुकात बिघाड झाल्याने मेंदूचा आकार ठळकपणे बदलतो, अशीही उदाहरणे आहेत. एएसपीएम या जनुकाच्या दोन्ही प्रती सदोष असल्या, तर बाळाचा मेंदू जन्मतःच बराच लहान राहतो. हंटिंग्टन या आजारात एका जनुकातील बदलामुळे कॉडेट हा भाग वर्षानुवर्षे झिजत जातो. परंतु असे आजार विरळ आहेत, त्यांची लक्षणे वेगळी आहेत आणि आपल्या पत्रात त्यांच्याकडे बोट दाखवणारे काहीही नाही. जाता जाता एक सांगतो: एएसपीएमसारखे, दोन्ही प्रती सदोष असाव्या लागणारे विकार नात्यातल्या लग्नांमध्ये अधिक आढळतात. आपल्याकडे मामाची किंवा आत्याची मुले एकमेकांना देण्याची रीत अनेक घरांत अजून आहे. लग्न ठरवताना आनुवंशिकतेचा विचार करायचाच असेल, तर तो या मुद्द्यापाशी करावा. एमआरआयच्या अहवालातील वाक्यापाशी तो करण्याचे कारण नाही.

आता आपल्या आईच्या आजाराकडे वळतो. हिप्पोकॅम्पस मुळात लहान असणे आणि तो झिजून लहान होणे, या दोन अगदी निराळ्या गोष्टी आहेत. आकाराशी संबंधित म्हणून सापडलेली बरीच जनुके पेशींची नैसर्गिक मृत्युप्रक्रिया, चेतातंतूंना वाट दाखवणे आणि पेशींमधील वाहतूक अशा कामांशी निगडित आहेत, आणि ही कामे मेंदूच्या जडणघडणीत मोलाची असतात. काही माणसांचे पाय मुळातच लहान असतात, तसा काहींचा हिप्पोकॅम्पस मुळातच लहान असतो आणि तो आयुष्यभर आपले काम नीट करतो. अल्झायमरमध्ये मात्र व्यवस्थित घडलेला हिप्पोकॅम्पस आजारामुळे आकसतो. निरोगी ज्येष्ठांमध्ये तो वर्षाला सरासरी दीड टक्क्याच्या आसपास कमी होतो, तर अल्झायमरच्या रुग्णांमध्ये वर्षाला सुमारे साडेचार टक्के. म्हणून डॉक्टर एकदा मोजलेल्या आकारापेक्षा त्याच्या बदलाच्या वेगाला अधिक महत्त्व देतात. हा वेग कोणत्या जनुकांशी निगडित आहे याचाही एनिग्मा गटाने २०२२ मध्ये, पंधरा हजारांहून अधिक लोकांचे पुन्हा पुन्हा काढलेले एमआरआय तपासून, अभ्यास केला. तेव्हा हिप्पोकॅम्पसच्या झिजेच्या वेगाशी जोडलेले जनुक म्हणून एपीओई पुढे आले. अल्झायमरचा धोका वाढवणारे म्हणून हेच जनुक आधीपासून ओळखले जाते. जन्मजात आकार ठरवणारी जनुके आणि अल्झायमरचा धोका यांच्यातही नाते आढळले आहे, परंतु ते क्षीण आहे. केवळ आकारावरून कोणालाही आजाराचे भाकीत करता येणार नाही.

आपल्या अहवालातील त्या वाक्याचे वजन किती, हेही तपासायला हवे. डावा हिप्पोकॅम्पस उजव्यापेक्षा किंचित लहान असणे हे बहुतांश निरोगी लोकांत आढळते, त्यामुळे वाक्याचा तो भाग आपण निर्धास्तपणे बाजूला ठेवू शकता. उरलेल्या भागासाठी डॉक्टरांना एक प्रश्न अवश्य विचारावा, तो असा की हे आकारमान डोळ्यांनी पाहून ठरवले की संगणकाने मोजले. अर्धशिशीसाठी काढलेल्या नेहमीच्या एमआरआयमध्ये बऱ्याचदा पाच मिलिमीटर जाडीचे छेद घेतात. चार सेंटिमीटरच्या भागाचे त्यात जेमतेम आठ-नऊ छेद मिळतात, आणि तेवढ्यांवरून घनफळ सांगणे म्हणजे अंदाजच. घनफळ खात्रीने मोजायचे तर एक मिलिमीटर जाडीच्या छेदांची वेगळी प्रतिमा घ्यावी लागते, त्याची तुलना रुग्णाच्या कवटीच्या आकाराशी करावी लागते आणि वय व लिंग विचारात घ्यावे लागते. लहान चणीच्या स्त्रीचा हिप्पोकॅम्पस सहा फुटी पुरुषाच्या मापाने मोजला, तर तो लहानच ठरणार.

यात आपल्या देशाचा एक खास मुद्दा आहे. मेंदूची मापे तपासण्यासाठी जगभर वापरली जाणारी प्रमाणे प्रामुख्याने पाश्चात्त्य लोकांच्या मेंदूंवर बेतलेली आहेत. हैदराबादच्या आंतरराष्ट्रीय माहिती तंत्रज्ञान संस्थेतील संशोधकांनी २०१९ मध्ये १०० भारतीय तरुण-तरुणींच्या प्रतिमांवरून भारतीय मेंदूचा नकाशा तयार केला, तेव्हा भारतीय मेंदू सरासरीने लांबी, रुंदी आणि घनफळात पाश्चात्त्य मेंदूंपेक्षा लहान असल्याचे त्यांना आढळले. यातून भारतीयांच्या बुद्धीविषयी काहीही सिद्ध होत नाही, हे ठामपणे सांगतो. मेंदूचे एकूण घनफळ आणि बुद्धिमापन चाचण्यांतील गुण यांच्यात संबंध आहे, परंतु तो इतका कमकुवत आहे की गुणांतील फरकांपैकी फार तर पाच-सहा टक्के फरक त्याने उलगडतो. आइन्स्टाइन यांच्या मेंदूचे वजन मृत्यूनंतर १२३० ग्रॅम भरले होते, म्हणजे प्रौढ पुरुषाच्या सरासरीहून कमीच. हैदराबादच्या नकाशातून शिकायचे ते एवढेच, की परक्या प्रमाणाने मोजले तर धडधाकट भारतीय माणूसही ‘किंचित कमी’ या रकान्यात जाऊन बसू शकतो. शिवाय कोणतेही प्रमाण आखले, तरी त्याच्या खालच्या पाच टक्क्यांत शंभरांपैकी पाच निरोगी माणसे असणारच.

जनुकीय चाचणीबद्दल माझे मत स्पष्ट आहे: आपण आणि आपल्या मुलीने हिप्पोकॅम्पसच्या आकारासाठी कोणतीही चाचणी करू नये. शेकडो बारीक फरकांची बेरीज करून व्यक्तीविषयी अंदाज वर्तवणारे गुणांक आता काढले जातात, परंतु ते मुख्यतः युरोपीय वंशाच्या लोकांच्या माहितीवर घडवलेले असल्याने आपल्याकडे त्यांची अचूकता आणखी घसरते. राहिली एपीओई या जनुकाची चाचणी. त्याचा ई४ हा प्रकार एका पालकाकडून आला, तर अल्झायमरचा धोका साधारण दोन ते तीन पट होतो, आणि दोन्ही पालकांकडून आला तर आठ ते बारा पट, असे युरोपीय वंशाच्या लोकांत आढळले आहे. तरीही ई४ असणाऱ्या अनेकांना हा आजार कधीच होत नाही आणि ई४ नसणाऱ्या अनेकांना होतो. लक्षणे नसलेल्या व्यक्तीने निकाल जाणून घेतला, तर त्याच्या आधारे करण्याजोगे असे वेगळे काही उरत नाही, कारण जी काळजी घ्यायची ती सर्वांनीच घ्यायची आहे. हाती राहते ती काळजी, आणि तीही घरातल्या सगळ्यांना वाटून दिलेली. एकाच जनुकातील बदलामुळे होणारा अल्झायमर असतो, हे खरे. एपीपी, पीएसईएन१ आणि पीएसईएन२ ही त्याची जनुके आहेत. परंतु असे रुग्ण एकूण रुग्णांत एक टक्क्याहूनही कमी असतात आणि त्यांना बहुतेक वेळा चाळिशी-पन्नाशीत किंवा त्याही आधी आजार जडतो. ७३ व्या वर्षी निदान झालेली आपली आई त्या गटात बसत नाही. घरात आणखी दोन-तीन माणसांना साठीच्या आत हा आजार झाला असेल, तर मात्र मोठ्या रुग्णालयातील जनुकीय समुपदेशकांना अवश्य भेटावे. मुलीच्या बाबतीत एक गोष्ट आपण आणि दिरांनी दोघांनीही ध्यानात घ्यावी: ती सज्ञान आहे. तिच्या शरीराविषयीची चाचणी करायची की नाही, हा निर्णय तिचा आहे. काका आणि आई यांनी परस्पर ठरवण्याची ती बाब नाही.

लग्नाबद्दल आपण विचारलेत, कर्तव्याच्या भावनेने विचारलेत, म्हणून त्याचे उत्तरही सरळ देतो. मुलाकडच्यांना आपल्या एमआरआयमधील वाक्य सांगणे हे आपले कर्तव्य नाही, कारण ते वाक्य आजाराचे निदान नाही आणि मुलीशी त्याचा काही संबंध सिद्ध होत नाही. आजीला अल्झायमर आहे ही गोष्ट लपवण्यासारखी नाही, आणि मुद्दाम जाहीर करण्यासारखीही नाही. घरी येणाऱ्या मंडळींना आजी दिसतीलच. कोणी विचारले, तर उतारवयात विसरण्याचा आजार झाला आहे, असे मोकळेपणाने सांगावे. भारतात साठीपुढच्या दर शंभर व्यक्तींमागे सुमारे सात जणांना स्मृतिभ्रंश आहे, म्हणजे समोरच्या घरातही कोणी ना कोणी वडीलधारे त्यातून गेलेले असण्याची शक्यता आहे. आणि आजीच्या आजाराला कुटुंबाचा कलंक मानून कोणी नकार कळवला, तर त्या घरात आपली मुलगी सुखी झाली असती का, याचा विचार आपण आई म्हणून करालच.

आपल्या हातात काय आहे, ते आता सांगतो, कारण ते बरेच आहे. २०२४ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाच्या तज्ज्ञ आयोगाने स्मृतिभ्रंशाची बदलता येण्याजोगी १४ कारणे मांडली आणि ती सर्व दूर झाली, तर जगभरातील सुमारे ४५ टक्के रुग्ण टळू शकतील किंवा त्यांचा आजार लांबू शकेल, असा हिशेब केला. आपल्या वयात त्यांतली महत्त्वाची म्हणजे रक्तदाब, मधुमेह, रक्तातील वाईट कोलेस्टेरॉल, श्रवणदोष, नैराश्य आणि बैठे जीवन. वर्गात मागच्या बाकावरचे बोलणे ऐकू येईनासे झाले असेल, तर कानांची तपासणी टाळू नये. श्रवणयंत्राचा संकोच आपल्या समाजात फार आहे आणि त्याची किंमत मेंदूला मोजावी लागते.

प्रौढ वयातही हिप्पोकॅम्पस वापरानुसार बदलतो, याचा गाजलेला पुरावा लंडनच्या टॅक्सीचालकांकडून मिळाला. तिथे परवाना मिळवण्यासाठी सुमारे २५ हजार रस्ते तोंडपाठ करावे लागतात आणि त्याला तीन-चार वर्षे लागतात. एलिनॉर मॅग्वायर आणि त्यांच्या सहकारी कॅथरीन वूलेट यांनी उमेदवारांचे प्रशिक्षणाआधी आणि नंतर एमआरआय काढले. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात, परीक्षा उत्तीर्ण झालेल्यांच्या हिप्पोकॅम्पसचा मागचा भाग वाढलेला दिसला, अनुत्तीर्ण झालेल्यांचा मात्र तसाच राहिला. सुरुवातीला दोन्ही गटांच्या मेंदूंत फरक नव्हता. त्याच वर्षी अमेरिकेतील एका प्रयोगात १२० ज्येष्ठांपैकी निम्म्यांनी आठवड्यातून तीन दिवस भरभर चालण्याचा व्यायाम केला. वर्षभरात त्यांचा हिप्पोकॅम्पस सुमारे दोन टक्क्यांनी वाढला आणि नुसते ताणाचे व्यायाम करणाऱ्यांचा १.४ टक्क्यांनी घटला. नंतरच्या सर्व प्रयोगांत इतकी स्पष्ट वाढ दिसली नाही, परंतु झीज मंदावण्याचा लाभ पुष्कळ ठिकाणी आढळला. जिच्या आकाराविषयी आपण धास्तावला आहात, ती वास्तू पन्नाशीनंतरही व्यायामाला दाद देते, हे मनात धरून चालायला सुरुवात करावी.

नावे आठवत नाहीत म्हणता, त्याविषयी मी हिप्पोकॅम्पसच्या आधी दुसऱ्या गोष्टी तपासेन. अर्धशिशी, अपुरी झोप, सततची काळजी, रजोनिवृत्तीच्या काळातील बदल आणि घरी आजारी आईची शुश्रूषा, यांतले एकेकही स्मरण मंदावायला पुरेसे आहे. आपण शाकाहारी असाल तर बी१२ या जीवनसत्त्वाची तपासणी अवश्य करावी. सोबत थायरॉइडचीही करावी. या दोन्हींतील दोष औषधांनी दूर होतात. शेकडो मुले शिकवणाऱ्या शिक्षिकेला एखादे नाव उशिरा आठवणे हे आजाराचे लक्षण नव्हे. नेहमीच्या रस्त्यावर वाट चुकणे, तासाभरापूर्वीचा संवाद घडलाच नाही असे वाटणे, पैशांचे साधे हिशेब जमेनासे होणे, अशा गोष्टी दिसल्या आणि त्या आपल्यापेक्षा घरच्यांच्या लक्षात आधी येऊ लागल्या, तर मेंदूविकारतज्ज्ञांकडून स्मरणशक्तीची रीतसर चाचणी करून घ्यावी.

तोवर नवा एमआरआय काढण्याची घाई करू नये. आताच्या एमआरआयची सीडी मात्र अहवालासह जपून ठेवावी, कारण पुढे कधी खरोखर गरज पडलीच, तर डॉक्टरांना आपल्या आजच्या प्रतिमेशी तेव्हाची प्रतिमा ताडून पाहता येईल आणि त्या तुलनेतून जे कळेल ते आजच्या एका वाक्यातून कळण्यासारखे नाही.